वाचकांचे प्रश्न : डीबगरचा इंटरफेस वापरायला सोपा कसा करावा?

गेल्या अंकात जीडीबी या डीबगरची, म्हणजे प्रोग्राममधील दोष शोधण्याच्या साधनाची, ओळख करून देणारा लेख प्रसिद्ध झाला. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी जीडीबीच्या आज्ञांविषयी नसून त्या आज्ञांवर चढवलेल्या विंडो, बटणे आणि तक्ते यांच्याविषयी होती. त्यांतील निवडक पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. जागेअभावी प्रश्नांचा मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : आम्ही अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी प्रकल्प म्हणून जीडीबीसाठी ग्राफिकल इंटरफेस तयार करत आहोत. कोड, व्हेरिएबल, स्टॅक, रजिस्टर, मेमरी अशा सगळ्या विंडो झाल्या आहेत. तरीही आमच्याच वर्गातील मुले तो एकदोनदा वापरून पुन्हा प्रिंटएफकडे, म्हणजे कोडमध्येच किंमत छापणारी ओळ घालण्याकडे, वळतात. मार्गदर्शक सर आयकॉन आणि रंग सुधारायला सांगत आहेत. आम्ही सुरुवात कुठून करावी? (पुणे)

उत्तर : सरांच्या सूचनेचा मान ठेवूनही मी असे सुचवेन की आयकॉन आणि रंग तूर्त बाजूला ठेवावेत आणि प्रिंटएफमध्ये असे काय मिळते, जे आपल्या इंटरफेसमध्ये मिळत नाही, याचा आधी विचार करावा. डीबगर उघडणाऱ्या माणसाचा स्वतःच्या प्रोग्रामवरचा विश्वास तोपर्यंत डळमळीत झालेला असतो. अमुक ओळीवर या व्हेरिएबलची किंमत ७ असायला हवी, असा त्याचा अंदाज असतो आणि तो पडताळून पाहण्यासाठीच तो स्क्रीनकडे पाहतो. प्रिंटएफने छापलेली किंमत छापली त्या क्षणी खरी होती याबद्दल त्याला शंका नसते, ती छापल्यावर जागची हलत नाही आणि तिच्या आधीच्या किमतीही तिच्या वरच ओळीने दिसत असतात. आपल्या इंटरफेसमध्ये या तिन्ही गोष्टी आहेत का, हे तपासून पाहावे. त्या नसतील तर प्रोग्रामबद्दलच्या शंकेत साधनाबद्दलच्या शंकेची भर पडते आणि मग कोणीही शहाणा माणूस साधन बदलतो.

तपासण्यासाठी एक साधा प्रयोग करावा. पाच नोडची लिंक्ड लिस्ट असलेला प्रोग्राम घ्यावा, व्हेरिएबलच्या विंडोत एकेक पॉइंटर उलगडत तिसऱ्या नोडपर्यंत जावे, त्या नोडमधील एका आकड्यावर नजर ठेवावी आणि ‘स्टेप ओव्हर’, म्हणजे फंक्शनच्या आत न शिरता एक ओळ पुढे नेणारे बटण, दाबावे. माझा अंदाज असा आहे की उलगडलेले सगळे झाड मिटेल, विंडो पुन्हा पहिल्या ओळीवर जाईल आणि तो आकडा पुन्हा शोधावा लागेल. प्रत्येक पावलानंतर तीनदा क्लिक करावे लागत असेल तर दहा पावलांत माणूस कंटाळतो, आणि त्याहून वाईट म्हणजे आपण नेमके काय तपासत होतो याचा धागा त्याच्या हातून सुटतो.

असे होण्याचे कारण बहुधा हे असते की प्रोग्राम थांबला की इंटरफेस आधीचे झाड पुसून टाकतो, जीडीबीकडून सगळी माहिती नव्याने मागवतो आणि सगळे झाड नव्याने उभारतो. याची गरज नाही. जीडीबीमध्ये इतर प्रोग्रामना बोलता यावे म्हणून एमआय नावाची स्वतंत्र भाषा आहे आणि त्या भाषेत व्हेरिएबल ऑब्जेक्टची सोय आहे. ऑब्जेक्ट एकदाच तयार करायचा, प्रोग्राम थांबला की अपडेटची आज्ञा द्यायची, आणि जीडीबी ज्यांच्यात बदल झाला तेवढ्याच ऑब्जेक्टची यादी परत देते. एखादे व्हेरिएबल आता अस्तित्वातच नसेल, म्हणजे त्याचे फंक्शन संपले असेल, तर तेही ती सांगते. स्क्रीनवरची प्रत्येक ओळ अशा एका ऑब्जेक्टशी कायमची जोडून ठेवली की झाड मिटत नाही, स्क्रोल हलत नाही आणि कामही जलद होते. हा बदल इतर कोणत्याही सुधारणेच्या आधी करावा.

या बाबतीत डीडीडी हा जुना इंटरफेस पाहण्यासारखा आहे. जर्मनीतील ब्राउनश्वाइग तांत्रिक विद्यापीठात आंद्रेआस त्सेलर आणि डोरोथेआ ल्युटकेहाउस यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर तो तयार केला. त्यात प्रत्येक स्ट्रक्चर चौकटीत दिसते, पॉइंटरवर डबल क्लिक केले की तो ज्याच्याकडे बोट दाखवतो ती चौकट बाणासह उघडते आणि पुढची पावले टाकताना ती चित्रात तशीच राहून केवळ तिच्यातील किमती बदलतात. मोटिफ या जुन्या ग्राफिकल साधनसंचावर बांधलेला त्याचा चेहरामोहरा आज फारच जुनाट वाटतो. पण उलगडलेले उलगडलेलेच राहिले पाहिजे, ही गोष्ट त्याच्या कर्त्यांनी अचूक ओळखली होती. जीडीबी माणसांसाठी जो मजकूर छापत असे, तोच वाचून आणि त्याचा अर्थ लावून डीडीडीला हे साधावे लागले. आपल्याला एमआयची वाट मोकळी आहे.

दुसरी तपासणी प्रोग्राम चालू असतानाची. ‘कंटिन्यू’ दाबल्यावर प्रोग्राम धावत असताना आपल्या विंडोत आधीच्या थांब्यावरच्या किमती तशाच ठळक दिसत राहतात का? राहत असतील तर तो दोष गंभीर मानावा, कारण त्या किमती आता खऱ्या नाहीत आणि वापरणाऱ्याला ते कळायला मार्ग नाही. त्या फिकट कराव्यात आणि ‘प्रोग्राम चालू आहे’ हे ठरावीक जागी, नेहमी एकाच शब्दांत लिहावे. मात्र येथे एक काळजी घ्यावी लागते. एक पाऊल टाकायला बहुधा क्षणार्धच लागतो, आणि तेवढ्यासाठी सगळी विंडो फिकट होऊन पुन्हा ठळक झाली तर ती लुकलुकते आणि डोळ्यांना त्रास होतो. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी प्रतिसादाच्या वेळेच्या तीन मर्यादा सांगितल्या आहेत : ०.१ सेकंदाच्या आत झालेली गोष्ट माणसाला तत्काळ झाल्यासारखी वाटते, १ सेकंदापर्यंत विचारांची सलगता टिकते आणि १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जाते. म्हणून पाऊल ०.१ सेकंदात पूर्ण झाले तर स्क्रीनवर काहीच फिकट करू नये. त्याहून जास्त वेळ लागला तरच करावे.

तिसरी गोष्ट थांबण्याच्या कारणाची. ‘स्टेप ओव्हर’ दाबले आणि भलत्याच फाइलमध्ये जाऊन पोचलो, अशी तक्रार नवशिक्यांकडून नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा आत बोलावलेल्या फंक्शनमध्ये आधीचा एखादा ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवण्यासाठी लावलेली खूण) शिल्लक असतो किंवा प्रोग्रामला सिग्नल आलेला असतो. जीडीबी थांबताना कारण सांगते : ब्रेकपॉइंट लागला, पाऊल पूर्ण झाले, सिग्नल आला, प्रोग्राम संपला. बरेच इंटरफेस हे कारण वाचतात, पण दाखवत नाहीत. कोडच्या विंडोवर ‘ब्रेकपॉइंट ३ मुळे थांबले’ एवढी एक ओळ आली तरी अर्धा गोंधळ नाहीसा होतो.

आणि चौथी गोष्ट, जी प्रिंटएफशी थेट स्पर्धा करते, ती म्हणजे आधीच्या किमती. नजरेखाली ठेवलेल्या व्हेरिएबलच्या शेजारी त्याच्या मागच्या चारपाच किमती लहान अक्षरांत दाखवता आल्या तर आपले वर्गमित्र प्रिंटएफ का सोडत नाहीत, या प्रश्नाचे निम्मे उत्तर तेथेच मिळेल. बदललेली किंमत वेगळ्या रंगात दाखवण्याची पद्धत सर्वत्र आहे, परंतु ‘बदललेली’ म्हणजे कशाच्या तुलनेत, हे काटेकोरपणे ठरवावे. तुलना मागच्या थांब्याशीच असावी. स्टॅकमधील (एकमेकांना बोलावणाऱ्या फंक्शनच्या यादीतील) दुसरे फंक्शन निवडल्यामुळे दिसू लागलेली किंमत बदललेली नसते, फक्त आता नजरेस पडलेली असते, आणि तीही लाल झाली तर त्या रंगाला अर्थ उरत नाही.

प्रश्न : मी एका कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या प्रोग्रामरना प्रशिक्षण देतो. कोणी व्हिज्युअल स्टुडिओवरून आलेला असतो, कोणी एक्लिप्सवरून, तर काहींच्या हाताला महाविद्यालयातील टर्बो सी अजून बसलेले असते. चुकीची कळ दाबून अर्ध्या तासाची मेहनत वाया घालवण्याचे प्रकार रोज घडतात. कळा आणि बटणांची रचना कशी असावी? ‘अप’ आणि ‘डाउन’ या आज्ञांचे काय करावे? (नागपूर)

उत्तर : आपण सांगता तो त्रास खरा आहे आणि त्यात प्रशिक्षणार्थींचा दोष नाही. टर्बो सीमध्ये फंक्शनच्या आत शिरण्यासाठी एफ ७ आणि त्यावरून पुढे जाण्यासाठी एफ ८ होते. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये त्याच कामांसाठी अनुक्रमे एफ ११ आणि एफ १० आहेत, आणि एक्लिप्समध्ये एफ ५ आणि एफ ६. खरी अडचण एफ ५ ची आहे. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये एफ ५ म्हणजे प्रोग्राम पुढे चालू करणे. व्हिज्युअल स्टुडिओची सवय असलेल्याने एक्लिप्समध्ये एफ ५ दाबले तर तो फार तर एका नको असलेल्या फंक्शनमध्ये शिरतो आणि तेथून बाहेर येऊ शकतो. पण एक्लिप्सची सवय असलेल्याने व्हिज्युअल स्टुडिओमध्ये एफ ५ दाबले तर प्रोग्राम सुटतो आणि अर्धा तास खर्चून गाठलेली जागा हातची जाते. दोन्ही चुका बोटांच्या सवयीतूनच होतात, त्यांची किंमत मात्र सारखी नाही. म्हणून आपल्या संस्थेचा स्वतःचा इंटरफेस असेल तर पहिल्यांदा उघडताना ‘आपल्याला कोणत्या साधनाच्या कळांची सवय आहे’ हे विचारावे, त्याप्रमाणे सगळा संच एकदम बदलावा आणि प्रत्येक बटणावर त्याची कळ लिहिलेली असावी.

बटणांच्या बाबतीत माझा आग्रह एवढाच आहे की ज्या कृतीतून परत फिरता येत नाही, ती रोजच्या कृतीच्या शेजारी असू नये. वर उल्लेख केलेल्या डीडीडीच्या बटणपट्टीत प्रोग्राम पुढे चालू करणारे ‘कंट’ आणि प्रोग्राम ठार करणारे ‘किल’ ही बटणे एकाच ओळीत, सारख्याच आकाराची, एकमेकांना लागून आहेत. माउस किंचित उजवीकडे सरकला की संपूर्ण सत्र संपते. प्रोग्राम संपवण्याचे बटण पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये मोकळी जागा सोडून ठेवावे. दरवेळी ‘आपली खात्री आहे का’ असे विचारणारी चौकट हा त्यावरचा उपाय नाही, कारण चार दिवसांत बोटांना तिच्यावर न वाचताच एंटर दाबायची सवय लागते.

कळ दाबून धरण्यातला एक बारकावा येथे सांगायला हवा. पुष्कळ लोक भराभर पुढे जाण्यासाठी एफ १० दाबून धरतात. कळ दाबून धरली की कीबोर्ड ती एका सेकंदात अनेकदा पाठवत राहतो. एका पावलाला अशा दोन कळांमधील वेळेपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर इंटरफेसकडे न टाकलेल्या पावलांची रांग साचते, आणि बोट उचलल्यावरही प्रोग्राम स्वतःहून पुढे जात राहून नेमक्या हव्या त्या ओळीच्या पलीकडे थांबतो. एक पाऊल पूर्ण होऊन स्क्रीनवर उमटेपर्यंत आलेल्या पुढच्या कळा सोडून द्याव्यात, त्यांची रांग लावू नये. ही सुधारणा कोडच्या दोनचार ओळींची आहे आणि वापरणाऱ्याला तिचा फार मोठा दिलासा मिळतो.

‘अप’ आणि ‘डाउन’ या आज्ञांविषयीही आपण विचारले आहे. जीडीबीमध्ये अप म्हणजे ज्या फंक्शनने आपल्याला बोलावले त्याच्याकडे जाणे; पण स्टॅकची यादी छापताना सर्वांत आतले, म्हणजे शून्य क्रमांकाचे फंक्शन सर्वांत वर येते. त्यामुळे अप दाबले की निवड यादीत खाली सरकते. आज्ञांची नावे आता बदलणार नाहीत. इंटरफेसमध्ये मात्र बटणांवर ‘बोलावणाऱ्याकडे’ आणि ‘बोलावलेल्याकडे’ असे लिहिता येते, आणि त्याहून उत्तम म्हणजे ही बटणे काढून टाकून यादीतील ओळीवर थेट क्लिक करू द्यावे.

पुढे निघून गेल्यावर मागे येण्याची सोय जीडीबीमध्ये २००९ साली आलेल्या ७.० या आवृत्तीपासून आहे, आणि मोझिलामध्ये विकसित झालेले आरआर हे साधन लिनक्सवर प्रोग्रामची संपूर्ण धाव नोंदवून ती मागेपुढे नेऊ देते. जीडीबीची स्वतःची नोंद प्रोग्रामला बरेच मंद करते, त्यामुळे ती सदैव चालू ठेवता येत नाही. पण नोंद चालू असेल तेव्हाच मागे जाण्याचे बटण दिसावे आणि नसेल तेव्हा ते का मिळत नाही हे त्यावरच लिहिलेले असावे.

प्रश्न : आम्ही मोटारींच्या सुट्या भागांसाठी मायक्रोकंट्रोलरवरचे सॉफ्टवेअर लिहितो. सातवा ब्रेकपॉइंट लावला की इंटरफेस काहीतरी न समजणारा संदेश देतो, कधी कधी ‘स्टेप ओव्हर’सुद्धा चालत नाही, आणि अर्ध्या व्हेरिएबलपुढे ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ असे येते. हे इंटरफेसचे दोष आहेत की आमचे? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : मर्यादा हार्डवेअरची आणि कंपायलरची आहे, पण ती आपल्यापासून लपवून ठेवणे हा इंटरफेसचा दोष आहे. फ्लॅश मेमरीतून चालणाऱ्या कोडमध्ये ब्रेकपॉइंट लावायला चिपमधील तुलना करणारी सर्किटे वापरावी लागतात, आणि कॉर्टेक्स एम ३ किंवा एम ४ या प्रोसेसर-गाभ्याच्या बहुतेक चिपमध्ये कोडसाठी अशी सहाच सर्किटे असतात. शिवाय एखाद्या फंक्शनवरून पुढे जाताना जीडीबीला त्या फंक्शनच्या परतीच्या जागी स्वतःचा तात्पुरता ब्रेकपॉइंट लावावा लागतो. सहाही जागा आपण भरल्या की तिला जागा उरत नाही आणि ‘स्टेप ओव्हर’ अडते. ब्रेकपॉइंटच्या यादीच्या माथ्यावर ‘६ पैकी ५ वापरात, १ राखीव’ एवढे लिहिले तर हे कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

एखाद्या व्हेरिएबलमध्ये कोण लिहिते हे पकडणाऱ्या वॉचपॉइंटची गोष्ट अशीच आहे. इंटेलच्या प्रोसेसरमध्येही त्यासाठी चारच रजिस्टर असतात. हार्डवेअरच्या मदतीने वॉचपॉइंट लावता येत नाही तेव्हा जीडीबी प्रोग्राम एकेक सूचना चालवून दर वेळी किंमत तपासते, आणि जीडीबीच्या माहितीपुस्तिकेत म्हटल्याप्रमाणे प्रोग्राम त्यामुळे शेकडो पटींनी मंद होतो. प्रोग्राम अडकला असे समजून माणूस तो बंद करतो. हार्डवेअर वॉचपॉइंट आणि सॉफ्टवेअर वॉचपॉइंट यांची चिन्हे वेगळी असावीत, आणि दुसऱ्या प्रकारचा लावण्यापूर्वी प्रोग्राम मंदावेल हे सांगावे. अटीसह लावलेल्या ब्रेकपॉइंटलाही हे लागू आहे : अट खोटी ठरली तरी प्रोग्राम दर फेरीला क्षणभर थांबवून अट तपासावी लागते, आणि केबलपलीकडच्या चिपवर हा वेळ चांगलाच जाणवतो. अशा वेळी किती वेळ झाला हे दाखवत राहावे आणि ‘थांबवा’ हे बटण सतत दाबता येईल असे असावे.

‘ऑप्टिमाइझ्ड आउट’चा अर्थ असा की कंपायलरने ते व्हेरिएबल काही सूचनांपुरतेच रजिस्टरमध्ये ठेवले होते आणि प्रोग्राम जेथे थांबला आहे तेथे ते रजिस्टर दुसऱ्या कामाला लागलेले आहे, किंवा ते व्हेरिएबल पूर्णपणेच काढून टाकले आहे. काही इंटरफेस अशा ठिकाणी रिकामी जागा सोडतात, आणि एखादा तर शून्यही दाखवतो. शून्य दाखवणे सर्वांत घातक, कारण शून्य ही खरी किंमतही असू शकते आणि तिच्यामागे माणूस दिवसभर भरकटू शकतो. ‘या ओळीवर किंमत उपलब्ध नाही’ असे फिकट अक्षरांत लिहावे, आणि याच फंक्शनमध्ये ती शेवटची कोठे दिसली होती व तेव्हा किती होती हे त्याखाली सांगता आले तर फारच उत्तम. तोपर्यंत आपल्या बाजूने करण्यासारखा उपाय म्हणजे तपासणीची आवृत्ती जीसीसी या कंपायलरच्या ओजी या पर्यायाने बांधणे. तो ४.८ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे आणि डीबगरला अडथळा आणणारी ऑप्टिमायझेशन टाळतो. कोड चिपमध्ये मावत नसेल तर निदान संशयित फाइलपुरता तरी तो वापरावा.

प्रश्न : मी मराठी मजकुरावर प्रक्रिया करणारे सॉफ्टवेअर लिहिते. डीबगरमध्ये देवनागरी स्ट्रिंगच्या जागी उलट्या तिरक्या रेघा आणि आकडे दिसतात. हे सुधारता येईल का? (पणजी)

उत्तर : येईल, आणि आपल्या भाषांत काम करणाऱ्या प्रत्येकाने त्यासाठी आग्रह धरावा. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. ‘म’ या अक्षराचे तीन बाइट अष्टमान पद्धतीत लिहिले की \३४०\२४४\२५६ असे दिसतात. एमआयच्या मार्गाने येणारा मजकूर पुष्कळदा याच रूपात इंटरफेसपर्यंत पोचतो आणि इंटरफेस तो जसाच्या तसा आपल्यापुढे ठेवतो. कन्सोलवर हेच दिसत असेल तर आधी लोकेल (सिस्टिमची भाषेची मांडणी) आणि जीडीबीचे होस्ट व टार्गेट कॅरसेट (अक्षरसंच) यूटीएफ-८ आहेत ना, हे पाहावे. ग्राफिकल इंटरफेसमध्ये मात्र काम त्याच्या लेखकाचे आहे. सगळे अष्टमान आकडे आधी बाइटमध्ये बदलून मग ती संपूर्ण बाइटमालिका एकत्र वाचावी. प्रत्येक आकड्याचे स्वतंत्रपणे अक्षर करायला गेले की एका ‘म’ऐवजी तीन निरर्थक लॅटिन चिन्हे दिसतात, आणि ही चूक सर्रास केली जाते.

तरीही बाइट पूर्णपणे झाकून टाकू नयेत, असे माझे मत आहे. ‘मराठी’ हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा दिसतो, युनिकोडच्या हिशेबाने त्यात पाच चिन्हे आहेत आणि मेमरीत तो पंधरा बाइट व्यापतो. आपल्या कामातील बरेचसे दोष या तीन मोजण्यांच्या गल्लतीतूनच निर्माण होत असणार : कोठेतरी बफर चौदा बाइटवर कापला जातो आणि शेवटच्या वेलांटीचा एक बाइट गळतो. म्हणून मजकूर देवनागरीत दिसावा, शेजारी बाइटची आणि चिन्हांची संख्या दिसावी, आणि मालिका मध्येच तुटलेली असेल तर तुटलेले बाइट लपवण्याऐवजी वेगळ्या पार्श्वभूमीवर आकड्यांतच दाखवावेत. जीडीबी नेहमीच्या मांडणीत लांब स्ट्रिंगचे पहिले २०० घटकच दाखवते आणि पुढे टिंबे देते. ती टिंबे आपल्या मजकुरातली नाहीत, हेही वेगळ्या रंगाने किंवा चौकटीने स्पष्ट व्हावे आणि त्यांवर क्लिक केल्यावर उरलेला भाग उघडावा.

प्रश्न : मला लाल आणि हिरवा यांतील फरक नीट कळत नाही. चालू असलेला आणि बंद केलेला ब्रेकपॉइंट मला सारखाच दिसतो. माझ्यासारखे लोक थोडे असतील, तरी यावर काही उपाय आहे का? (सातारा)

उत्तर : आपल्यासारखे लोक थोडे नाहीत, उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत तर सुमारे बारांतील एकाला हा त्रास असतो. प्रत्येक स्थितीला स्वतंत्र आकार द्यावा : चालू असलेल्याला भरीव वर्तुळ, बंद केलेल्याला पोकळ, अट घातलेल्याला आत अधिकचे चिन्ह, आणि अजून प्रत्यक्ष न लागलेल्याला तुटक रेघेचे वर्तुळ. बदललेल्या किमतीपुढे रंगाबरोबर एक खूण असावी. वेबसाठीच्या सुलभता-नियमांत मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील फरकाचे किमान प्रमाण ४.५ : १ ठरवलेले आहे, डीबगरलाही तेच लावावे, विशेषतः मी वर सुचवलेल्या फिकट अक्षरांना, नाहीतर एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय व्हायची. दृष्टिहीन प्रोग्रामर स्क्रीन रीडर वापरतात आणि त्यांना चौकटी व बाणांचे चित्र वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक चित्रासोबत तीच माहिती देणारे मजकुराचे झाड हवेच.

प्रश्न : आमची कंपनी लहान आहे. स्वतःच्या चिपसाठी बनवलेला डीबगर ग्राहकांना देतो. वापरसुलभतेची चाचणी घेण्याइतका पैसा आणि माणसे नाहीत. काय करता येईल? (सांगली)

उत्तर : यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, पाच माणसे आणि एक दुपार पुरते. नील्सन यांचेच सांगणे आहे की पाच जणांच्या निरीक्षणातून बहुतेक ठळक अडचणी समोर येतात. माणसे मात्र आपल्या चमूबाहेरची घ्यावीत, कारण ज्याने इंटरफेस लिहिला त्याला त्यातील खाचखळगे दिसेनासे झालेले असतात.

त्यांना ‘इंटरफेस कसा वाटला’ असे विचारू नये. लोक भिडेखातर चांगलेच सांगतात. त्याऐवजी दोनतीनशे ओळींच्या प्रोग्राममध्ये एक खरा दोष पेरावा, उदाहरणार्थ लूप एका फेरीने जास्त फिरतो, किंवा मोकळी केलेली मेमरी नंतर पुन्हा वापरली जाते, आणि तो शोधायला सांगावे. शोधताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगावे, ज्या भाषेत ते विचार करतात त्याच भाषेत. आपण मागे बसावे आणि त्यांनी विचारले तरी मदत करू नये. हे सर्वांत अवघड जाते. आपण बनवलेले बटण समोर असून समोरच्याला ते दिसत नाही, हे गप्प राहून पाहणे सोपे नसते, पण त्या पाच मिनिटांत जे कळते ते महिनाभराच्या बैठकांत कळत नाही.

काय टिपावे? दोष किती वेळात सापडला यापेक्षा माणूस कोठे थबकला ते महत्त्वाचे. एकच किंमत तो दोनदा तपासतो का, म्हणजे पहिल्यांदा जे दिसले त्यावर त्याचा विश्वास बसला नाही का? इंटरफेस सोडून तो कन्सोलमध्ये आज्ञा टाइप करतो का, आणि कोणती? ती आज्ञा म्हणजे आपल्या इंटरफेसमध्ये नसलेली किंवा न सापडलेली गोष्ट असते. ‘अरे, गेलं पुढे’ असे तो किती वेळा म्हणतो? आणि कोणत्या क्षणी तो कोडमध्ये प्रिंटएफ घालायला निघतो? पहिल्या तिघांना एकाच जागी ठेच लागली तर उरलेल्या दोघांसाठी थांबू नये. ती जागा त्याच संध्याकाळी दुरुस्त करावी आणि पुढच्या दोघांना दुरुस्त केलेली आवृत्ती द्यावी.